दुकानातल्या ब्रिटिश किटमधून पूना हॉर्सचा 'फॅमागुस्टा' कसा तयार होतो? स्केल मॉडेलचं कन्व्हर्जन समजून घ्या

दिवाळी आली की कापूरहोळपासून भोर-वेल्ह्यापर्यंत अंगणात किल्ले उभे राहतात. राजगड, तोरणा, पुरंदर. या किल्ल्यांवरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि ते कुणाला खटकतही नाही. पण याच हौसेचा एक प्रकार असा आहे, जिथे मिलिमीटरची चूकही लगेच डोळ्यांत भरते. तो म्हणजे लष्करी वाहनांची स्केल मॉडेल्स.

यात भारतीय हौशींची एक अडचण असते. दुकानात मिळणारी बहुतेक किट जर्मन, अमेरिकन, रशियन किंवा ब्रिटिश रणगाड्यांची असतात. भारतीय लष्कराचा एखादा ठरावीक रणगाडा हवा असेल, तर परदेशी आवृत्तीचं किट घेऊन ते बदलावं लागतं. या बदलाला 'कन्व्हर्जन' म्हणतात. ते कसं होतं, हे पुण्याशी नातं असलेल्या एका रणगाड्याच्या उदाहरणावरून पाहूया.

रणगाडा कोणता?

१६ डिसेंबर १९७१. शकरगड भागातली बसंतरची लढाई. पूना हॉर्स म्हणजेच १७ हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जर्पालजवळ सेंच्युरियन रणगाड्यातून लढत होते. रणगाड्याला आग लागल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. त्यांना वीरमरण आलं, तेव्हा त्यांचं वय होतं २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आलं. खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. १९६५ च्या युद्धात परमवीर चक्र मिळालेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हेही पूना हॉर्सचेच.

खेत्रपाल यांच्या रणगाड्याचं नाव होतं 'फॅमागुस्टा', क्रमांक जेएक्स २०२. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव आहे. हा रणगाडा नंतर दुरुस्त करण्यात आला आणि अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करून ठेवण्यात आला.

१:३५ म्हणजे नेमकं किती?

लष्करी वाहनांच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण १:३५ आहे. ते कुठल्या शास्त्रातून आलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला होता. तो मोजल्यावर साधारण १:३५ भरला आणि पुढे तेच रूढ झालं.

सेंच्युरियनचा सांगाडा, तोफेची नळी सोडून, सुमारे ७.६ मीटर लांब आणि ३.४ मीटर रुंद. मॉडेलमध्ये तो होतो साधारण २२ सेंटिमीटर लांब आणि पावणेदहा सेंटिमीटर रुंद. म्हणजे ५० टनांचं धूड दोन्ही तळहातांवर मावतं.

उलटा हिशेब जास्त महत्त्वाचा. मॉडेलवर पडलेला १ मिलिमीटरचा वाळूचा कण खऱ्या जगात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. म्हणून मॉडेलवर टाकायची माती आधी बारीक कापडातून चाळून घेतात.

आधी फोटो, मग कटर

सेंच्युरियन एकाच प्रकारचा नव्हता. तामियाचं किट मार्क ३ चं आहे, एएफव्ही क्लबने मार्क ५ चं काढलं. भारताने मुख्यतः मार्क ७ वापरले. बाहेरून सगळे सारखे वाटतात, पण फरक आहेत. मार्क ३ मध्ये तोफेशेजारी बेसा मशीनगन होती, मार्क ५ पासून तिथे ब्राउनिंग आली. मार्क ७ मध्ये इंधनाची जादा टाकी बसवली आणि इंजिनवरची झाकणं बदलली.

तोफेच्या नळीकडेही पाहावं लागतं. काही नळ्यांच्या मध्यावर एक फुगवटा दिसतो. गोळा सुटल्यावर उरलेला धूर टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटात, शिरू नये म्हणून तो असतो. त्याला फ्यूम एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. सुरुवातीच्या नळ्यांवर तो नव्हता.

त्यामुळे पहिलं काम फोटो जमवण्याचं. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम इथे उपयोगी पडतं. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय पुण्याहून साधारण १२० किलोमीटरवर आहे. तिथे सेंच्युरियन जवळून पाहता येतो. फोटोबाबतचे नियम मात्र जाण्याआधी विचारून घ्यावेत.

एक सावधगिरी हवी. जतन केलेला रणगाडा नंतर दुरुस्त केलेला, रंगवलेला असतो. आज तो जसा दिसतो, तसाच तो लढाईच्या दिवशी दिसत होता असं नाही. आकार आणि मापं संग्रहालयातून घ्यावीत. रंग, खुणा आणि बाहेर लटकवलेलं सामान यांसाठी १९७१ चे फोटो शोधावेत.

कन्व्हर्जन आणि डिटेलिंग यात फरक काय?

कन्व्हर्जन म्हणजे आवृत्ती बदलणं, डिटेलिंग म्हणजे आहे त्यात बारकावे भरणं.

कन्व्हर्जनसाठी किटचे भाग गोंद न लावता जुळवून पाहतात. नको असलेला भाग कटरने कापून पॉलिश पेपरने सपाट करतात. नवा भाग पातळ प्लास्टिक शीटमधून बनवतात. नळीवर फुगवटा हवा असेल, तर तिच्यावर बसेल अशी प्लास्टिकची ट्यूब सरकवायची, फट पुट्टीने भरायची आणि घासायची.

डिटेलिंगचं बरंचसं सामान घरातच असतं:

- हँडल आणि कड्या: किटमधली हँडल जाड वाटतात. १ सेंटिमीटर जाडीची सळई १:३५ मध्ये ०.३ मिलिमीटरपेक्षाही बारीक होते. विजेच्या वायरमधली तांब्याची तार तिथे बरोबर बसते.
- ताडपत्री: टिश्यू पेपरला पाणी घातलेला फेव्हिकॉल लावायचा, ओला असतानाच घड्या पाडायच्या.
- जाळ्या: पितळेच्या पातळ पत्र्याचे तयार भाग मिळतात, त्यांना फोटो-एच म्हणतात.

कापताना, घासताना आणि रंगवताना खिडकी उघडी ठेवावी. रेझिनचे भाग असतील तर मास्क लावून, पाण्यात भिजवूनच घासावेत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

रंग आणि नावाची पट्टी

आधी प्रायमर मारतात. राहिलेल्या फटी आणि ओरखडे त्यात उघडे पडतात. मग ॲक्रिलिकचा मूळ रंग, खऱ्यापेक्षा किंचित फिका, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. त्यावर इनॅमलचा पातळ 'वॉश' खाचांमध्ये सोडतात. इनॅमलचं थिनर वाळलेल्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही, म्हणून जास्तीचा वॉश पुसता येतो.

'फॅमागुस्टा' हे नाव ब्रिटिश आवृत्तीच्या किटमधल्या स्टिकरवर मिळत नाही. ते घरी छापायचं तर वेगळीच अडचण येते. साधा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही. पांढरी अक्षरं हवी असतील, तर पांढऱ्या डेकल पेपरवर अक्षरांभोवतीची पार्श्वभूमी रणगाड्याच्या रंगात छापावी लागते, किंवा स्टेन्सिल कापून रंगवावं लागतं.

मातीचा रंगही आपल्याकडचा चालत नाही. सह्याद्रीची काळी-तांबडी माती वेगळी आणि बसंतरकाठची गाळाची फिकट, करडी-तपकिरी माती वेगळी.

दिवस कोणता दाखवायचा?

हा सगळ्यात अवघड निर्णय. सुरुंग पेरलेला पट्टा ओलांडून आलेला धुळकट रणगाडा, आग लागल्यानंतरचा रणगाडा आणि आज जतन केलेला चकचकीत रणगाडा, हे तिन्ही 'फॅमागुस्टा'च. पण यातला एकच निवडावा लागतो, कारण प्रत्येकाचा रंग, सामान आणि जखमा वेगळ्या.

जळण्याच्या आणि गोळ्यांच्या खुणा नुसत्या उठून दिसतात म्हणून कुठेही काढणं सोपं असतं. पण ज्या रणगाड्यात खरा माणूस गेला, त्यावर मनाने खुणा काढायच्या नसतात. पुरावा असेल तेवढंच दाखवायचं. पुरावा नसेल, तर लढाईआधीचा साधा, धुळीने भरलेला रणगाडा जास्त प्रामाणिक ठरतो.