बाळंतपणाची मोजदाद

बाळंतपणाच्या शास्त्रातले एक मोठे संशोधन साध्या मोजणीतून निघाले. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी दोन विभागांतील बाळंतिणींचे मृत्यू ताडून पाहिले. सुइणींच्या विभागात ते कमी. मुडदे चिरून थेट खाटेपाशी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विभागात जास्त! त्यांनी विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि मृत्यू झपाट्याने घटले.

श्रोतेहो, अशी मोजदाद आपल्या नगर जिल्ह्यातही दवाखान्याबाहेर, गावात गेली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दुष्काळी जामखेडला आले. तेव्हा तिथे जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. आधी गावोगावी नर्स पाठवून पाहिल्या. पण गावाला त्या परक्याच वाटल्या. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकत: पोटातले मूल आडवे आहे की पायाळू हे कसे चाचपायचे, कुणाला वेळेवर दवाखान्यात धाडायचे. गावातले जन्म आणि मृत्यूही त्या येऊन सांगत. त्यांची नोंद होई. ज्या मृत्यूची नोंदच नाही, त्याचे कारण कोण शोधणार?

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ग्रंथात या कामाची हकीकत छापली. १९९० नंतरच्या काही वर्षांत १७६ चा तो आकडा तिसांच्याही खाली आला. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सेमेलवाइस यांचे फारसे ऐकले नव्हते. जामखेडच्या गावांनी मात्र आपल्या बाईचे ऐकले.