घरच्या मोटारीचे पासिंग

घरी बांधलेली मोटार म्हणजे चौकोनी नळ्या कापून वेल्डिंगने जोडलेली चेसिस, भंगारातल्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स, तिथूनच उचललेला मागचा अ‍ॅक्सल आणि वर पत्र्याची किंवा फायबरची बॉडी. ती बांधायला लेथ, वेल्डिंग मशीन, चांगला मिस्त्री आणि दोन-चार वर्षांची चिकाटी लागते. रस्त्यावर काढायला मात्र पासिंग लागते. महाराष्ट्रात अशा मोटारींचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे. त्यांतल्या बहुतेक गाड्या अंगणात, आवारात, गावच्या वाटेवर ठणठणीत चालल्या. अडल्या त्या सरकारी रस्त्यावर, आणि त्याही यंत्रातल्या दोषापेक्षा कागदापायी.

मोटारीला नंबर घेण्याची सक्ती ब्रिटिश भारतात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने सर्वत्र आली. नियम करण्याचे काम प्रांतांकडे होते, त्यामुळे आजच्या महाराष्ट्रात तेव्हा एकच नियम नव्हता. बुलढाणा वऱ्हाडात, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारात. पुण्या-मुंबईला मुंबई इलाख्याचे नियम लागू होते आणि कोल्हापूर हे तर संस्थानच होते. १९३९ च्या कायद्याने चौकट एक केली, तरी तपशिलाचे नियम प्रांतांचेच राहिले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि बुलढाण्याची गाडी व इचलकरंजीची गाडी एका राज्याच्या कारभाराखाली आली. त्या काळच्या कायद्याला गाडी कोणी बनवली यापेक्षा ती कशी आहे याची काळजी अधिक होती. अधिकारी गाडी समोर उभी करून बघत. ब्रेक, दिवे, भोंगा, वजन ठीक असेल तर नंबर मिळत असे. हाताने बांधलेल्या गाडीला त्या व्यवस्थेत दार होते.

त्या दारातून गेलेली सर्वांत नावाजलेली मराठी मोटार म्हणजे इचलकरंजीची ‘मीरा’. इचलकरंजी तेव्हा कोल्हापूर संस्थानातली जहागीर होती. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी अशा उद्योगांना पाठबळ दिले. मागाचा सुटा भाग मोडला तर तो गावातच घडवायचा, ही सवय त्यातून लागली. शेजारी कोल्हापुरात ऑइल इंजिने आणि ओतकाम यांचा धंदा वाढत होता. जेमतेम सातवीपर्यंत शिकलेल्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ च्या सुमारास छोट्या मोटारीचे काम हाती घेतले ते अशा गावात. दोन माणसे बसतील अशी त्यांची पहिली गाडी १९४९ मध्ये तयार झाली. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेही त्याच वर्षी.

‘मीरा’ ही विकत आणलेल्या सुट्या भागांची जुळवाजुळव नव्हती, आणि म्हणूनच ती इतिहासात महत्त्वाची ठरते. पुढच्या पंचवीस वर्षांत कुलकर्णींनी तिच्या एकामागून एक सुधारित आवृत्त्या काढल्या. १९६० च्या सुमारास तिच्यात तीन मोठी माणसे आणि दोन मुले बसू लागली. १९७० च्या आवृत्तीत मागच्या बाजूला हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे इंजिन होते, ताकद सुमारे १४ अश्वशक्ती. सर्वांत धाडसी गोष्ट होती सस्पेन्शनची. पोलादी पाटे किंवा स्प्रिंग यांऐवजी त्यांनी रबर वापरले. खड्ड्याचा धक्का बसला की रबर दाबले जाते आणि परत मूळ आकाराला येताना धक्क्याची बरीच ऊर्जा स्वतःच्या आत उष्णतेच्या रूपाने जिरवते. त्यामुळे गाडी स्प्रिंगवरच्या गाडीइतकी झुलत राहत नाही. वजन कमी, वंगणाची कटकट नाही, आणि खेड्यातल्या मिस्त्रीला बदलता येईल असा भाग. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या ‘मिनी’ मोटारीचे सस्पेन्शनही रबराचेच होते. एका लहान गावातल्या माणसाने त्याच वाटेने जावे, याची नोंद मराठी उद्योगाच्या इतिहासात आहे त्यापेक्षा ठळक असायला हवी.

‘मीरा’ रस्त्यावर धावली, पण बाजारात आली नाही. एक गाडी बांधून तिला नंबर घेणे निराळे आणि तशा हजार गाड्या बांधून विकणे निराळे. दुसऱ्या कामाला १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याप्रमाणे परवाना लागे. सरकारने १९५३ मध्ये धोरण आखले की देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करणाऱ्यांनीच या धंद्यात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून चालवलेला कारखाना त्यानंतर बंद केला. मोटारींचे उत्पादन हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड या तिघांपुरते उरले. छोट्या स्वस्त मोटारीची चर्चा साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारी समित्यांत चालू होती. तो परवाना शेवटी गेला तो १९७१ मध्ये स्थापन झालेल्या मारुती लिमिटेडकडे. कुलकर्णींनी १९७५ मध्ये मुंबईत गाडी दाखवली. किंमत सांगितली सुमारे १२,००० रुपये. परवाना मिळाला नाही, आणि पुढे मारुती-सुझुकीच्या काळात ‘मीरा’ला जागाच उरली नाही.

स्पोर्ट्स कार घरी बांधण्याची चाल मात्र परवान्यातून नव्हे, करातून जन्मली, आणि ती ब्रिटनमध्ये. तयार मोटारीवर तिथे मोठा खरेदी कर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही हलकी उघडी दोन आसनी गाडी काढली, ती बहुतेकांनी पेटीतून सुटी नेऊन घरी जोडली. जोडणीची पुस्तिका सोबत द्यायलाही बंदी होती. तेव्हा कंपनीने गाडी सोडवण्याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती उलटी वाचावी! १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली, पण छंद संपला नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शाळामास्तरांचे २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचे पुस्तक निघाले आणि जगभर हजारो शेडमध्ये नळ्या कापल्या जाऊ लागल्या. ब्रिटिश सरकारने त्याला बंदीने नव्हे, तपासणीने उत्तर दिले. १९९८ पासून अशा एकेकट्या मोटारीची स्वतंत्र तपासणी होऊ लागली. २००९ मध्ये तिचे नियम अधिक कडक झाले. तपासणीची वेळ आधी ठरवलेली असेल आणि विमा काढलेला असेल, तर नंबर नसतानाही गाडी केंद्रापर्यंत रस्त्याने चालवत नेता येते. त्या देशात घरच्या मोटारीची कायदेशीर पहिली फेरी बहुधा हीच असते.

महाराष्ट्रात ‘सेव्हन’च्या घाटाची गाडी निघाली ती अलिबागजवळ कार्ले खिंडीत. गिडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘रोडस्टर १.८ एस’ हाताने बांधून विकायला काढली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन इसुझुचे १८१७ सीसीचे, म्हणजे अ‍ॅम्बेसेडर मोटारीत बसत असे तेच. जड अ‍ॅम्बेसेडरला जेमतेम ओढणारे इंजिन हलक्या दोन आसनी गाडीत बसवले की तीच ताकद वेगळ्याच रूपात दिसते. चॅपमनचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे होते. त्याआधी १९९८ मध्ये बंगळूरूच्या सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ आली होती. दोन्हींची संख्या थोडी, पण भारतीय रस्त्यासाठी भारतात स्पोर्ट्स कार बांधता येते हे त्यांनी दाखवले.

दरम्यान कायदा बदलला होता. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम १ जुलै १९८९ पासून लागू झाले, आणि हाताने बांधलेल्या एकट्या गाडीचे दार जवळपास बंद झाले. कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय कोणतीही मोटार सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विक्रीचा दाखला नमुना २१ आणि गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा नमुना २२. हा शेवटचा कागद उत्पादकाने द्यायचा असतो. नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला गाडीचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. घरी गाडी बांधणारा नमुना २२ आणणार कुठून? जो कारखान्याचा मालक नाही, त्याच्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. जुनी गाडी घेऊन तिचे रूप पालटण्याची वाटही कलम ५२ ने अरुंद केली आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केले.

कागद जमले तरी रस्त्याची परीक्षा राहतेच. बुलढाण्याचेच बघा. नंबर एमएच-२८. परिवहन कार्यालय बुलढाण्यात, म्हणजे घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा ही घाटाखालची गावे, त्यामुळे तिथल्या गाडीला हे कार्यालय गाठायचे तर मलकापूर-मोताळ्याकडून राजूर घाट किंवा खामगावकडून बोथ्याचा घाट चढावा लागतो. नव्याने बांधलेल्या गाडीची याहून चोख परीक्षा कागदावर आखता येणार नाही. सपाटीवर ती सगळे दोष पोटात ठेवते. चढावर रेडिएटर लहान पडला की पाणी उकळते. उतारावर एकसारखा ब्रेक दाबून धरला की डिस्क तापते, तिची उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि ऑइलला वाफ धरते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पेडल थेट जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. स्टिअरिंगचा दांडा सस्पेन्शनच्या हातांशी जुळलेला नसेल तर खड्ड्यात चाक वर उचलताच ते आपणहून वळते. जाणते मिस्त्री म्हणूनच पहिली फेरी आवारात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घेतात. थोडे अंतर गेल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळतात, कारण नव्या रिमचा रंग दबून ते सैल होतात. मग गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवतात. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे आणि कसला पडला, यावरून इंजिन, गिअरबॉक्स की ब्रेक हे कळते. एवढे झाल्याशिवाय घाटाचे नाव काढू नये.

कायदा आणि कारागिरी समोरासमोर आल्याचे अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे आहे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथल्या एका लोहाराने मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप बांधली. खर्च सुमारे ६०,००० रुपये, आणि इंजिन चालू करायचे ते दुचाकीसारखी किक मारून. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. महिंद्रा उद्योगसमूहाच्या आनंद महिंद्रा यांनी जाहीरपणे कौतुक केले आणि त्याचबरोबर, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती त्या कुटुंबाला मिळाली. कुटुंबाचे भले झाले, याचा आनंदच आहे. पण कारागिराला बक्षीस मिळाले आणि गाडीला पासिंग मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

आज कायद्याच्या कचाट्यात न सापडता गाडी बांधायची सोय आहे ती विद्यार्थ्यांना. एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची ‘बाहा’ स्पर्धा २००७ पासून आणि ‘सुप्रा’ २०११ पासून भरते. अभियांत्रिकीची मुले चेसिस स्वतः जोडतात, ब्रेकच्या चाचणीत चारही चाके लॉक करून दाखवतात आणि मगच त्यांना ट्रॅकवर सोडले जाते. बंदिस्त आवारातल्या अशा गाडीला नंबर लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षणाची सोय शेगावच्या श्री संत गजानन महाराज महाविद्यालयामुळे १९८३ पासून आहे. खामगाव-चिखलीच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे रोज जोडली जातात, तेव्हा वेल्डिंगचा हातही तयार आहे. उणीव आहे ती आवारातून रस्त्यावर नेणाऱ्या कायदेशीर वाटेची.

ही वाट काढणे अवघड नाही. वाहने तपासणाऱ्या देशातल्या अधिकृत संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत: पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. एका माणसाने बांधलेल्या एका गाडीचे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, वेल्डिंग आणि धूर तपासून तिला एकदाच, विक्रीच्या हक्काशिवाय नंबर देणे या संस्थांना सहज जमण्यासारखे आहे. तपासणी कडक असावी, फी पुरेपूर घ्यावी आणि नापास गाडीला नंबर नाकारावा. केंद्राच्या नियमांत एकट्या गाडीच्या मंजुरीचा हा एक नियम घालून घेण्यासाठी राज्य सरकारने पुढाकार घ्यावा आणि राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्याचा पाठपुरावा करावा.