पेशीचं दार आणि अकरा पैशांचं सलाईन

ओआरएसची पुडी आपण सगळ्यांनी कधी ना कधी प्यायलेली असते. खारट-गोड पाणी, जुलाब झाले की घरचे आणून देतात ते. आता त्या पुडीत साखर कशासाठी असते असं विचारलं, तर बहुतेक जण म्हणतील, ताकद यावी म्हणून. तर ताकदीशी तिचा फारसा संबंध नाही. ती साखर आतड्याच्या पेशीचं एक दार उघडायला टाकलेली असते. हे दार कोणाला सापडलं, आणि सापडल्यावरही ते माणसांच्या उपयोगी पडायला इतकी वर्षं का लागली, हा आजचा विषय.

आधी पेशीकडे जाऊ. बेदाणे पाण्यात टाकून फुगवायचा प्रयोग शाळेत आपण केलाय, किंवा निदान वहीत तरी उतरवलाय. क्षार किंवा साखर जिकडे जास्त, तिकडे पाणी सरकतं. परासरण, दोन मार्क. त्याच धड्यातली दुसरी गोष्ट मात्र आपल्या हातून निसटते. ती म्हणजे पेशीचं पटल तेलकट असतं. १८९० च्या दशकात झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हरटन या संशोधकानं जिवंत पेशींवर शेकडो पदार्थ वापरून पाहिले. त्याच्या लक्षात आलं, की तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत झटकन शिरतात आणि पाण्यात विरघळणारे बरेचसे बाहेरच अडकतात. मीठ आणि साखर दोन्ही पाण्यात विरघळतात. म्हणजे नियमानं पाहिलं तर दोघांनाही प्रवेश बंद. तरीही आपण जेवतो आणि साखर रक्तात पोचते. मग ती जाते कुठून?

हा प्रश्न इथेच ठेवू आणि कॉलऱ्याकडे वळू. कॉलरा म्हणजे जुन्या मराठीत पटकी. गावोगावी मरीआईची देवळं आहेत ना, त्यांच्यामागे याच रोगाची भीती आहे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा. रोग जोरात असेल तर मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जातं. माणूस मरतो तो कोरडा पडून.

शरीरातलं पाणी आणि मीठ गेलंय तर ते परत भरा, ही कल्पना काही नवी नाही. १८३१-३२ मध्ये विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण डॉक्टरनं कॉलरा झालेल्या रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी आणि क्षार कमी झालेत हे दाखवलं. लगेच स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटानं रुग्णांच्या शिरेत खारं पाणी सोडून पाहिलं. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि नंतर त्यानं भारतात तारायंत्राच्या लाइनी टाकल्या. त्याच्यावर एक अख्खा भाग होईल.) शिरेतून सलाईन देणं हाच पुढे कॉलऱ्यावरचा खात्रीचा उपाय ठरला. पण त्याला सुई लागते, निर्जंतुक बाटली लागते, शीर शोधणारा हात लागतो. साथ जिथे येते तिथे नेमकं यातलं काहीच नसतं.

मग तोंडानंच पाणी का पाजलं नाही? पाजून पाहिलं होतं, टिकत नव्हतं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ-पाणी दिलं तर तेही खालून निघून जायचं. त्यातून असा समज पक्का झालेला, की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलून निघतं. अस्तर गेलं म्हणजे पेशी गेल्या, आणि पेशीच नाहीत तर पाणी शोषणार कोण?

हा समज दोन ठिकाणी तुटला. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं, की कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात आणि जंतू गाळून टाकलेलं नुसतं ते द्रावणही आतड्यात पाणी भरायला पुरतं. १९६० मध्ये युजीन गँगारोसा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बँकॉकच्या रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अस्तर शाबूत होतं! पेशी जागेवरच होत्या, फक्त त्यांची एक झडप बिघडलेली. आज आपल्याला माहीत आहे, की ते विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारं दार उघडंच ठेवतं. क्लोराइडच्या मागे सोडियम जातं आणि दोघांच्या मागे पाणी. आपला बेदाण्याचाच नियम, फक्त उलट्या बाजूनं.

त्याच १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरात एक परिषद भरली होती. पदार्थ पटलातून आरपार कसे जातात, एवढ्याचसाठी जमलेली शास्त्रज्ञ मंडळी. तिथे रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञानं एक कल्पना मांडली: आतड्याच्या पेशीत साखर एकटी जात नाही, ती सोडियमबरोबर जोडीनं जाते.

आपल्या शेअर रिक्षासारखं समजा. सीटा भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. या रिक्षात तीन सीटा, दोन सोडियमच्या आणि एक ग्लुकोजची. (हा नेमका हिशेब नंतर ठरला, पण जोडीची कल्पना क्रेनची.) नुसतं सोडियम आलं, रिक्षा उभी. नुसतं ग्लुकोज आलं, तरीही उभीच. दोघं बसले की निघाली. आणि या रिक्षाला पेट्रोल कुठलं? तर उतार. पेशीच्या मागच्या भिंतीत एक पंप अखंड चालू असतो, तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी असतं आणि बाहेरचं सोडियम आत घरंगळायला टपलेलं असतं. हा पंप १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊनं ओळखला. त्याला नोबेल मिळालं १९९७ मध्ये, तब्बल ४० वर्षांनी. सोडियम आणि साखर आत गेले की पाणी आपोआप त्यांच्यामागे येतं.

आणि आता कळीचा मुद्दा. कॉलऱ्याचं विष क्लोराइडचं दार बिघडवतं, पण या रिक्षाला हात लावत नाही. माणूस मरायला टेकलेला असतानाही ती चालू असते. फक्त प्रवासी पाठवायचे.

क्रेनच्या डोक्यात कॉलरा नव्हता, आणि कॉलऱ्याच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना प्रागची खबर नव्हती. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. त्याआधीच, १९५३ मध्ये, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जींनी १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडानं दिल्याचं 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि ते का चाललं हे कोणाला सांगता येत नव्हतं. लेख मागे पडला. एकाकडे उपाय होता, कारण नव्हतं. दुसऱ्याकडे कारण होतं, रुग्ण नव्हते.

दोन्ही टोकं जुळली ती १९६८ मध्ये, ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश, दोघांनीही तिशी गाठलेली नव्हती. त्यांनी २९ रुग्णांवर हिशेब करून दाखवलं, की जेवढं पाणी बाहेर जातंय तेवढं मोजून मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजत राहिलं, तर शिरेतल्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्के कमी होते. शोध झाला, छापूनही आला. तरी मोठमोठे डॉक्टर म्हणत राहिले की हे प्रशिक्षित माणसांच्या हाताखाली, हॉस्पिटलातच करायचं काम आहे.

मग आलं १९७१. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक जीव घेऊन भारतात आले. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. जूनमध्ये कलकत्त्याहून दिलीप महालनबीस तिथे पोचले, वय ३६, मुळात मुलांचे डॉक्टर. हॉस्पिटलात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या आणि १६ खाटा. बाकीचे रुग्ण जमिनीवर, आणि सुई लावायची तर जुलाब-उलटीत गुडघे टेकून बसावं लागायचं. सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, ती लावता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यांनी ठरवलं, पाजायचं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या भरल्या गेल्या, छावणीत पिंपांमध्ये पाणी कालवलं गेलं, पिंपांना नळ बसवले. खर्च लिटरला साधारण ११ पैसे. आणि पाजायचं कोणी? आईनं, भावानं, शेजाऱ्यानं. नावही त्यांनी हुशारीनं ठेवलं, 'ओरल सलाईन', कारण सलाईनवर लोकांचा विश्वास होता. छावणीत आधी शंभरातले ३० च्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

माझ्या मते इतिहासातली मोठी उडी इथे आहे. दार सापडलं प्रागमध्ये, हिशेब झाला ढाक्यात, पण कप रुग्णाच्या आईच्या हातात देण्याचं धाडस बनगावमध्ये झालं. आणि नाइलाजानं झालं, हेही खरं. बाटल्या पुरल्या असत्या तर कदाचित कोणी केलंच नसतं.

महालनबीसांचा लेख आधी नाकारला गेला, शेवटी १९७३ मध्ये छापून आला. छावणीला भेट देऊन गेलेले जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ मात्र या उपायाच्या मागे लागले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'नं संपादकीयात लिहिलं, की साखर आणि सोडियम जोडीनं जातात हा शोध बहुधा या शतकातला सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. १९८० पासून बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायका दारोदारी गेल्या. पुडीसुद्धा नाही, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरं झाली. शिकवणाऱ्या बाईचा पगार मात्र आयांच्या लक्षात किती राहिलं त्यावर ठरायचा. ही युक्ती मला भारी आवडते.

इथे कोणीतरी म्हणणारच, आमची आजी मीठ घातलेली भाताची पेज द्यायचीच की. बरोबर आहे, आणि पेज चालते, कारण पिष्टाचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि रिक्षा भरते. पण हगवण लागल्यावर पाणी तोडायचं, ही समजूतही त्याच जुन्या काळातली. दोन्ही आठवणी ठेवूया.

रिक्षाचा हिशेब चुकला की काय होतं, हेही सांगतो. साखर जास्त ओतली तर रिक्षात न मावलेली साखर आतड्यात पडून राहते आणि बेदाण्याच्या नियमानं शरीरातलंच पाणी बाहेर ओढते. जुलाब वाढतात. म्हणून २००२ मध्ये जागतिक सूत्र आणखी सौम्य केलं गेलं. आणि म्हणूनच आपल्याकडे खोक्यातली भरपूर गोड पेयं 'ओआरएस' हा शब्द नावात घालून विकली जात होती, त्यावर हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर कित्येक वर्षं भांडत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी घातली.

तेव्हा घेताना पाकीट उलटं करून वाचा. एका लिटरसाठी ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड दीड, सोडियम सायट्रेट २.९. पुडी लहान असेल तर ती किती पाण्यासाठी आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं. अर्धी पुडी अंदाजानं ग्लासात टाकायची नाही, सबंध पुडी, सांगितलेल्या मापाच्या पाण्यात. आणि घोट-घोट, चमच्यानं चाललं तरी चालेल, पण थांबायचं नाही.