एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम: ड्रायव्हर का कोसळतात?

पीएच.डी.ची तयारी करताय? मग आज ना उद्या तुम्ही लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकणार. आणि मग एके दिवशी लिनक्स सुरू होताना स्क्रीन काळी होईल, किंवा काम करता करता लॅपटॉप जागीच गोठेल. विंडोजमध्ये मात्र सगळं व्यवस्थित! तेव्हा काय कराल?

मी काय केलं ते आधी सांगतो. दुसऱ्या वर्षी, प्रगती अहवालाच्या आदल्या रात्री कर्नल अपडेट झाला आणि वाय-फाय चालू केलं की मशीन गोठू लागलं. घाबरून मी तासाभरात ड्रायव्हर बदलला, बायोसच्या सेटिंग बदलल्या, शेवटी लिनक्सच पुन्हा टाकलं. मशीन चालू झालं, पण चार दिवसांच्या सिम्युलेशनचा डेटा गेला. आणि नेमकं कशामुळे दुरुस्त झालं, हेही कळलं नाही. चूक माझीच. या दुखण्याचा इतिहास माहीत असता तर ती टळली असती.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषा. हार्डवेअरची भाषा बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असते. ती इतरांना सांगायची की नाही, हा वाद जुना आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती. जुन्या प्रिंटरवर ती होती. पण नव्याचा सोर्स कोड मिळाला नाही. अशा अनुभवांतूनच पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा केली, तेव्हा त्यात आधार होता फक्त त्यांच्याकडे असलेल्या प्रकारच्या हार्ड डिस्कला. दुसऱ्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहायला दुसरं कुणीतरी हवं होतं. कंपन्या विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः देत. लिनक्ससाठी कित्येकदा हार्डवेअरचं वागणं बाहेरून तपासून ते लिहावे लागले. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठीचा नूवो हा ड्रायव्हर असाच घडला. २०१२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या कंपनीवर जाहीर कार्यक्रमात राग काढला होता. मे २०२२ मध्ये तिने आपल्या लिनक्स कर्नल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला.

पण म्हणून विंडोजचे ड्रायव्हर निर्दोष होते असं समजू नका. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्विफ्ट, बर्शाड आणि लेव्ही यांनी नूक्स या प्रणालीवरच्या शोधनिबंधात नोंदवलं की विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. त्याआधी २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना लिनक्सच्या ड्रायव्हर कोडमध्ये चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या ३ ते ७ पट आढळलं होतं. कारण दोन्हीकडे एकच. बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच, पूर्ण अधिकारांनिशी चालतात. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर चुकला की सगळं मशीन घेऊन जातो.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळू. दोन सिस्टिम असणं म्हणजे आयता कंट्रोल प्रयोग! हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअर वेगळं. दोन्हीकडे क्रॅश होत असेल तर रॅम, डिस्क, तापमान तपासा. फक्त लिनक्समध्ये होत असेल तर आधी ड्रायव्हरवर संशय घ्या.

पण हा कंट्रोल स्वच्छ नसतो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही; कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ठेवते. मग लिनक्समध्ये विंडोजच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही, कधी वाय-फाय कार्डही नीट जागं होत नाही. म्हणून फास्ट स्टार्टअप आधी बंद करा.

त्यानंतर क्रमाने जा. सगळ्यात आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडा. तो चालला तर संशय नव्या कर्नलवर किंवा त्याच्याशी न जुळलेल्या ड्रायव्हरवर. स्क्रीन काळी राहत असेल तर त्या एका बूटपुरता ‘नोमोडसेट’ हा पर्याय द्या. स्क्रीन आली तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. बाहेरून टाकलेला ड्रायव्हर लोडच होत नसेल तर सिक्युअर बूट त्याला अडवतंय का ते बघा. आणि मागच्या बूटचा कर्नल लॉग वाचा. गोठण्याआधीच्या शेवटच्या ओळींत अनेकदा त्या मॉड्यूलचं नाव सापडतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदल तारीख-वेळेसह वहीत लिहा. प्रयोगशाळेत आपण हे करतोच. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र विसरतो. मी विसरलो होतो, आणि चार दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं.