चाक जागीच फिरते तेव्हा

मोटारीची पुढची चाके ब्रेकने धरून ठेवायची आणि इंजिनाचा सारा जोर मागच्या चाकांवर सोडायचा. गाडी हलत नाही, चाके मात्र गरगर फिरतात, टायर डांबरावर घासतात आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. याला 'बर्नआउट' म्हणतात. रस्त्यावर हा हुल्लडीचा प्रकार आहे. अमेरिकेतील 'ड्रॅग' शर्यतीत मात्र त्याला काम होते, आणि ते समजण्यासाठी आपल्याला घर्षणाच्या धड्याकडे वळावे लागेल.

ही शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. सरळ रेषेत आणि स्थिर अवस्थेतून सुरू होणारी. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून तिला नियमांत बसवले.

आमाँताँ (१६९९) व कूलाँ (१७८५) यांचे नियम आपण वर्गात शिकवतो : घर्षणबल दाबाच्या प्रमाणात असते, स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. घर्षणगुणांक १ पेक्षा जास्त नसतो, असेही आपण कधीकधी सांगून टाकतो. (लाकडी ठोकळ्यापुरते ते खपून जाते!) आता हा गुणांक १ धरू आणि गाडीचा सर्व भार मागच्या चाकांवर आहे असे मानू. त्वरण फार तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येईल. मग v² = २ × ९.८ × ४०२; म्हणजे अंतिम वेग सेकंदाला सुमारे ८९ मीटर, ताशी १९९ मैलांच्या आतच. ताशी २०० मैल अशक्य!

१९६४ साली डॉन गार्लिट्स यांनी न्यू जर्सीत ताशी २०१.३४ मैलांचा वेग नोंदवला.

गणितात चूक नाही, गृहीतकात आहे. रबर ठोकळ्यासारखे वागत नाही. ते रस्त्याच्या खाचाखळग्यांत दबून बसते आणि पृष्ठभागाला चिकटते. त्याचे घर्षण वेग व तापमान या दोहोंवर अवलंबून असते, हे ग्रोश यांनी १९६३ साली प्रयोगांनी दाखवले. म्हणून शर्यतीचे टायर रुंद, गुळगुळीत व मऊ असतात आणि सुटण्यापूर्वी ते काही क्षण फिरवून तापवतात. चाक सहज घसरावे म्हणून पूर्वी त्याखाली कपड्यांचे ब्लीच ओतत. पुढे पाणी आले.

साध्या टायरची गोष्ट वेगळी. रबर उष्णतेचे मंदवाहक असल्याने ताप पृष्ठभागीच साठतो, रबराचे विघटन होते, थर सुटतात, टायर फुटतो, कधी पेटतोही. त्यातच एक फसवणूक आहे. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एकच चाक घसरत असेल, तर ते वेगदर्शकावरील आकड्याच्या दुप्पट वेगाने फिरते. काटा ८० दाखवतो तेव्हा टायर १६० चा ताण सोसत असतो, आणि हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड जवळजवळ उरत नाही. गाडीचा मागचा भाग कुठेही वळू शकतो, आणि बघे तर तिथेच गर्दी करून उभे असतात.

शर्यतीच्या गाडीतही जोर कुठेतरी फुटतोच. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर सुटतानाच गार्लिट्स यांच्या गाडीची शक्तिवहन यंत्रणा फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. तोवर चालक इंजिनाच्या मागे, थेट या यंत्रणेवर बसत असे. गार्लिट्स यांनी पुढची गाडी इंजिन चालकाच्या मागे ठेवून बांधली आणि १९७१ साली तिने शर्यती जिंकल्या. काही वर्षांतच या वर्गातील जुन्या धाटणीच्या गाड्या मागे पडल्या.