सर्व्हलेटची नोंद आणि एक नामांतर

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात नव्या आज्ञावली लिहिण्याबरोबरच जुन्या सांभाळण्याचेही काम चालते. या दुसऱ्या कामातील एका दोषाचे मूळ यंत्रापेक्षा इतिहासात शोधावे लागते. अनेक विभागांची मिळून झालेली जावा भाषेतील वेब-आज्ञावली बिनतक्रार सुरू होते; तथापि एखाद्या विभागातील सर्व्हलेटचा पत्ता विचारला असता ४०४, म्हणजे 'सापडले नाही', एवढेच उत्तर येते.

सर्व्हलेट म्हणजे ठरावीक पत्त्यावर आलेल्या मागणीस उत्तर देणारा सर्व्हरवरील घटक. ('सर्व्हर'ला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून हा शब्द झाला, आपल्याकडे वाड्याची वाडी होते तसा.) तो लिहिला म्हणजे कामास लागला असे नव्हे, कोणता पत्ता कोणाकडे, याची नोंद टोमकॅटसारख्या धारकापाशी व्हावी लागते. १९९९ च्या २.२ या आवृत्तीत ही नोंद 'वेब.एक्सएमएल' या एका दस्तऐवजात ठेविली जाई. साहजिकच प्रत्येक विभागास त्याच वहीत हात घालावा लागे. डिसेंबर २००९ च्या ३.० आवृत्तीने ही सक्ती काढून टाकली : सर्व्हलेटच्या माथ्यावर ॲनोटेशनचे चिन्ह लिहावे, अथवा विभागाच्या जार फाइलीत 'वेब-फ्रॅगमेंट.एक्सएमएल' ठेवावे. परंतु मूळ वहीची सत्ता संपली नाही. तीत 'मेटाडेटा-कम्प्लीट' हा शेरा सत्य म्हणून लिहिला असेल, तर चिन्हे व फ्रॅगमेंट दोन्ही दुर्लक्षिली जातात; 'ॲब्सोल्यूट-ऑर्डरिंग'च्या यादीत विभागाचे नाव राहिले आणि 'अदर्स'ही लिहिले नाही, तर तो विभाग वगळला जातो. धारक येथे नियमानेच वागतो. मग त्याने तक्रार का करावी?

याहून चमत्कारिक प्रकार नामांतराचा होय. सर्व्हलेटच्या वर्गांची नावे 'जावाएक्स' या उपसर्गाने सुरू होत. त्यातील 'एक्स' विस्ताराचा द्योतक. २०१७ मध्ये ओरॅकलने ही प्रणाली एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे जाहीर केले. पण व्यापारचिन्हाच्या हक्कांवर एकमत झाले नाही, आणि २०२० च्या नवव्या जकार्ता आवृत्तीत उपसर्ग 'जकार्ता' असा झाला. वर्ग तेच, नाव मात्र निराळे. माणूस पर्यायशब्द ओळखतो. चिन्हे शोधणारा धारक केवळ अक्षरे जुळवितो. टोमकॅट ९ जुने नाव जाणतो, टोमकॅट १० नवे. जुन्या चिन्हाचा विभाग टोमकॅट १० मध्ये ठेविला, की ते चिन्ह त्यास परके वाटते आणि तो मुकाट्याने पुढे जातो.

हे मौन मोडण्याचा एक उपाय फार उपयुक्त आहे. संशयित सर्व्हलेट तात्पुरता वेब.एक्सएमएलमध्ये नावानिशी नोंदवावा आणि त्याचा पत्ता विचारावा. आता धारकास तो वर्ग उघडावाच लागतो, आणि जुना मूळ वर्ग सापडत नाही किंवा हा सर्व्हलेटच नव्हे, असा स्पष्ट संदेश मिळतो. उलट तो सुरळीत चालला, तर नामांतराचा संशय सोडून वरील शेरा व यादी तपासावी. नामांतरच कारण ठरल्यास जुनी वॉर फाइल टोमकॅट १० च्या 'वेबॲप्स-जावाईई' या कप्प्यात ठेवता येते. तेथे नावे आपोआप बदलून ती नेहमीच्या कप्प्यात जाते.