कर्डक, वामनदादा

कर्डक, वामनदादा : (१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४). आंबेडकरी चळवळीतील प्रख्यात मराठी लोकशाहीर, गीतकार व गायक. पूर्ण नाव वामन तबाजी कर्डक. जन्म नासिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात, महार कुटुंबात झाला. शालेय शिक्षणाची संधी त्यांना मिळाली नाही. पोटासाठी ते मुंबईस आले आणि गिरणीतील काम, कोळशाच्या वखारीतील काम, खडी फोडणे, फेरीची विक्री अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. कामगार वस्तीत राहत असताना त्यांचा समता सैनिक दलाशी संबंध आला. एका गृहस्थाने पत्र वाचून दाखविण्यास सांगितले असता ते वाचता न आल्याने त्यांना अत्यंत खेद झाला व त्यानंतर देहलवी नावाच्या शिक्षकाकडून त्यांनी अक्षरओळख करून घेतली, असे सांगितले जाते. दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत त्यांनी पुढे वाचनाचा सराव वाढविला. १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी विडंबनगीत रचले. तेच त्यांचे पहिले गीत होय.

वामनदादांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्यांच्यामागील परंपरा ध्यानात घेणे आवश्यक आहे. महात्मा फुले यांच्या विचारांच्या प्रसारासाठी सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचा सांगाडा कायम ठेवून त्यांनी आशय बदलला. या जलशांच्या धर्तीवर आंबेडकरी जलसे उभे राहिले. नासिक जिल्हा हे त्यांचे एक प्रमुख केंद्र होते. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह (१९३०) आणि येवले येथील धर्मांतराची घोषणा (१९३५) या दोन्ही घटना याच जिल्ह्यात घडल्या. दादासाहेब गायकवाडांसारखे नेतेही येथलेच. शाहीर भीमराव कर्डक यांच्या जलशाने गावोगाव जागृती केली. १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाचा जोर ओसरला आणि त्याची जागा हार्मोनियम, ढोलकी, तबला यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या गायन पार्ट्यांनी व कव्वालीच्या सामन्यांनी घेतली. या स्थित्यंतराच्या काळात वामनदादांची प्रतिभा बहरास आली. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन व ६ डिसेंबर या दिवशी जमणारे जनसमुदाय हेच त्यांचे व्यासपीठ होते. यांखेरीज वर्षभर ते खेडोपाडी हिंडत. मिळेल त्या वाहनाने जावे, कार्यकर्त्याच्या घरी उतरावे, रात्री गावे आणि गाणे तेथेच ठेवून पुढच्या गावास निघावे, असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या गीतांचा केंद्रविषय डॉ. आंबेडकर हा असला, तरी ती केवळ स्तुतिपर नाहीत. बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधी माणसांच्या जिण्यात पडलेला फरक त्यांनी कृतज्ञतेने गायिला. त्याचबरोबर अनुयायांच्या निष्ठेची झडतीही घेतली. भारतीय रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला व लवकरच गटागटांत विभागला. या फुटीची व्यथा आणि स्वार्थी पुढाऱ्यांवरील उपरोध त्यांच्या अनेक गीतांत आढळतो. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन त्यांच्या धनसंचयात श्रमिकांचा वाटा कोठे आहे, असा थेट जाब विचारणारे त्यांचे गीत विशेष गाजले. जातीच्या प्रश्नाला भाकरीच्या प्रश्नाची जोड देणारी ही दृष्टी गिरणगावातील अनुभवातून आलेली होती. बुद्धवंदना, स्त्रियांची दुःखे, माय, निसर्ग, ग्रामजीवन हेही विषय त्यांनी हाताळले.

रचनेच्या दृष्टीने त्यांनी लावणी, पोवाडा, ओवी, सवालजवाब, कव्वाली, गझल इ. प्रकारांचा मुक्तपणे उपयोग केला. लोकांच्या ओठी आधीच असलेली चाल घ्यावी आणि तीत नवा विचार भरावा, ही त्यांची पद्धत होती. सोपे, सहज पाठ होणारे ध्रुपद, बोलीतील शब्द, अंतर्गत यमके आणि अखेरच्या कडव्यातील ‘वामन’ ही नाममुद्रा ही त्यांच्या गीतांची लक्षणे होत. निरक्षर श्रोत्याला ग्रंथांतील विचार एका ऐकण्यात आकळावा, हे या साधेपणामागील प्रयोजन होते. त्यांनी चित्रपटांसाठीही काही गीते लिहिली. सांगत्ये ऐका (१९५९) या चित्रपटातील त्यांचे गीत लोकप्रिय झाले. तथापि चित्रपटव्यवसायात ते रमले नाहीत.

त्यांनी सुमारे दहा हजार गीते रचली, असे म्हटले जाते. त्यांतील थोडीच वाटचाल (१९७३), मोहळ (१९७६), हे गीत वामनाचे (१९७७) इ. संग्रहांतून ग्रंथबद्ध झाली. माझ्या जीवनाचं गाणं (१९९६) हे त्यांचे आत्मकथन. उरलेली गीते गायकांच्या वह्यांत, ध्वनिफितींत व लोकांच्या स्मरणात विखुरली. पुष्कळदा ती मूळ कवीच्या नावावाचून किंवा पाठभेदांसह गायिली जातात. मौखिक परंपरेतील रचनेच्या वाट्याला येणारे हे यश व हीच तिची हानी होय.

मराठी समीक्षेने त्यांची दखल फार उशिरा व तीही अपुरी घेतली. दलित साहित्याची चर्चा प्रामुख्याने मुद्रित कविता, कथा व आत्मकथने यांभोवती फिरत राहिली. गायिलेला शब्द प्रचारकी म्हणून बाजूस पडला. बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकास साहित्याचे नोबेल पारितोषिक (२०१६) मिळाल्यावर गीत हे साहित्य आहे काय, हा वाद जगभर रंगला. महाराष्ट्रातील वस्त्यांनी त्याचे उत्तर आपल्यापुरते बरेच आधी दिले होते. ज्या घरांत पुस्तक पोहोचले नव्हते, तेथे वामनदादांचे गीत पोहोचले आणि त्या घरांतील पुढच्या पिढीला त्याने पुस्तकाकडे नेले.

प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप प्रभृती गायकांनी भीमगीतांची परंपरा ध्वनिमुद्रणांद्वारे सर्वदूर नेली व तीत वामनदादांच्या गीतांना मानाचे स्थान मिळाले. त्यांचे कौटुंबिक जीवन दुःखाचे होते. मुलगी बालवयातच निवर्तली. आर्थिक स्थैर्यही त्यांना फारसे लाभले नाही. तरीही उतारवयापर्यंत त्यांचे गाणे व भ्रमण चालू राहिले. नासिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतरही आंबेडकर जयंतीचा उत्सव त्यांच्या गीतांवाचून सहसा पार पडत नाही.